नाव घेणारी गायिका, दाम मागणारी गायिका

गाणे कोणाचे, असा प्रश्न आम्ही विचारला की प्रस्थापित मंडळी गालात हसतात. गाणे सगळ्यांचे असते, कलेला जात नसते, कलेला रंग नसतो, असे ते आम्हाला ऐकवतात. ऐकायला हे फार गोड वाटते. परंतु कलेला जात नसेल, रंग नसेल, तर कलेच्या पैशाला तो कुठून चिकटतो? ज्याने गाणे घडवले त्याच्या घरी अंधार आणि ज्याने ते उचलले त्याच्या घरी रोषणाई, हे दर वेळी एकाच दिशेने कसे घडते? या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी देत नाही.

हा प्रश्न तपासून पाहण्यासाठी आज आम्ही अमेरिकेतील एका गोऱ्या गायिकेचे उदाहरण घेत आहोत. डेबोरा ऊर्फ डेबी हॅरी हे त्यांचे नाव. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क शहरात पंक नावाचे जे बंडखोर संगीत उभे राहिले, त्यातील 'ब्लॉन्डी' या बँडच्या त्या गायिका. पुढे त्या अभिनेत्रीही झाल्या. चळवळीच्या पानावर या बाईंचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. काम आहे. ज्या न्यूयॉर्कमध्ये १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच शहराची ही गोष्ट आहे. विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही काळ्या लोकांची वस्ती आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली आमच्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले. तेव्हा त्या देशातील काळ्या माणसाच्या कलेचे पुढे काय झाले, ती कोणी उचलली, कोणी तिचे श्रेय दिले आणि कोणी बुडवले, हा आमच्या अभ्यासाचाच विषय आहे.

डेबी हॅरी काही सुखवस्तू घराण्यात लाडाकोडात वाढलेल्या नव्हत्या. १ जुलै १९४५ रोजी फ्लोरिडातील मायामी येथे त्यांचा जन्म झाला. जन्मनाव अँजेला ट्रिंबल. तीन महिन्यांच्या असताना न्यू जर्सीतील हॅरी दांपत्याने त्यांना दत्तक घेतले. तरुणपणी त्या न्यूयॉर्कला आल्या आणि पोटासाठी मिळेल ते काम केले. बीबीसीच्या तिथल्या कार्यालयात सेक्रेटरी, 'मॅक्सेस कॅन्सस सिटी' या हॉटेलात वेट्रेस, प्लेबॉय क्लबमध्ये सशाचे कान लावून पेये वाढणारी मुलगी, एवढेच काय, बारमध्ये नाचणारी मुलगी, हे सगळे त्यांनी केले. १९७४ साली गिटारवादक ख्रिस स्टीन यांच्यासोबत त्यांनी ब्लॉन्डी सुरू केली तेव्हा त्या एकोणतिशीत होत्या. रस्त्यावरून जाताना ट्रक ड्रायव्हर त्यांच्या पिवळ्या केसांवरून जी हाक मारत, तीच त्यांनी बँडचे नाव म्हणून लावली. टोमणा उचलायचा आणि तोच फलक करायचा, ही रीत शोषितांना नवी नाही.

त्या वेळचे न्यूयॉर्क म्हणजे दिवाळखोरीच्या काठावर उभे असलेले शहर. १९७५ साली महापालिकेकडे पगार द्यायला पैसे उरले नव्हते. शहराच्या उत्तरेला ब्रॉन्क्स भागात काळ्या आणि पोर्टोरिकन गरिबांच्या वस्त्या होत्या. त्या वस्त्यांच्या मधोमध आधीच मोठा महामार्ग खणून नेलेला. घरमालक इमारतींची दुरुस्ती करीत नसत आणि विम्याच्या पैशासाठी त्या पेटवल्या जात. अशा जळक्या वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने पार्टी ठेवली. सिंडी कँपबेल तिचे नाव. तिचा भाऊ क्लाइव्ह, जो डीजे कूल हर्क म्हणून ओळखला जातो, तो जमैकाहून आलेला. त्याने दोन तबकड्यांवर एकाच गाण्याचा ठेक्याचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून लोकांना नाचवले. हिप-हॉपचा जन्म म्हणून आज जग त्या रात्रीकडे बोट दाखवते. वाद्ये घ्यायला पैसे नव्हते, म्हणून जुन्या तबकड्यांचीच वाद्ये झाली. गाण्याच्या शाळा परवडत नव्हत्या, म्हणून बोलण्याचेच गाणे झाले. त्यालाच पुढे रॅप म्हणू लागले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, बावरी या दारुड्यांच्या आणि बेघरांच्या रस्त्यावर 'सीबीजीबी' नावाचा बार सुरू झाला. पंक संगीत तिथे वाढले. एकाच दिवाळखोर शहराची ही दोन अपत्ये. मध्ये अंतर काही मैलांचे, भिंत मात्र वर्णाची. खालच्या टोकाला बंड करणारी मुले बहुतेक गोरी, वरच्या टोकाला बहुतेक काळी. गोऱ्या मुलांच्या बंडाला रेकॉर्ड कंपन्या लवकर मिळाल्या. काळ्या मुलांच्या ठेक्याकडे कंपन्यांनी वर्षानुवर्षे ढुंकून पाहिले नाही.

ही भिंत ओलांडून पाहणाऱ्या मोजक्या गोऱ्या कलावंतांत डेबी हॅरी आणि ख्रिस स्टीन होते. ब्रुकलिनचा एक काळा तरुण, फ्रेड ब्रॅथवेट ऊर्फ फॅब फाइव्ह फ्रेडी, त्यांचा मित्र झाला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो त्यांना ब्रॉन्क्समधील कार्यक्रमाला घेऊन गेला. तिथे त्यांनी जे पाहिले ते त्यांनी लपवून ठेवले नाही. 'शिक' या बँडचे काळे संगीतकार नाइल रॉजर्स यांनाही ते अशाच एका ठिकाणी घेऊन गेले. रॉजर्स यांच्याच 'गुड टाइम्स' या गाण्याच्या ठेक्यावर मुले तिथे बोल रचत होती. १९७९ साली त्याच ठेक्यावर शुगरहिल गँगचे 'रॅपर्स डिलाइट' बाजारात आले, तेव्हा रॉजर्स आणि त्यांचे साथीदार बर्नार्ड एडवर्ड्स यांना कोर्टाची भाषा करून आपले नाव त्या गाण्यावर लावून घ्यावे लागले. म्हणजे श्रेय काळ्याने काळ्याकडूनही मागून घ्यावे लागते. ते आपोआप चालत येत नसते, हे वाचकांनी येथेच ध्यानात घ्यावे.

ब्लॉन्डीला अफाट यश मिळाले. १९७९ साली 'हार्ट ऑफ ग्लास' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. हे गाणे डिस्को चालीचे होते आणि डिस्को ही काळ्या, लॅटिन आणि समलिंगी लोकांच्या नाचघरांतून आलेली चाल. म्हणून पंकच्या शुद्धतावाद्यांनी 'बाटगी' ठरवावे तसे ब्लॉन्डीला ठरवले. शुद्ध-अशुद्धाचा हा रोग आमच्याकडेच आहे असे नाही! त्याच वर्षी १२ जुलै रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानात हजारो लोकांच्या साक्षीने डिस्कोच्या तबकड्या स्फोट करून उडवण्यात आल्या. त्या ढिगात काळ्या कलावंतांच्या तबकड्यांचा भरणा होता. करमणूक म्हणून केलेले दहन होते ते, परंतु दहन कोणाचे होते हे काळ्या कलावंतांना बरोबर कळले.

१९८० साली ब्लॉन्डीने 'द टाइड इज हाय' गायले. हे गाणे मुळात जमैकाच्या 'पॅरॅगन्स' या गटाचे. जॉन होल्ट यांनी ते लिहिले आणि १९६७ साली ते निघाले. तेरा वर्षे जमैकाबाहेर फार थोड्यांना माहीत असलेले हे गाणे गोऱ्या गायिकेच्या गळ्यातून आले आणि इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. लेखक म्हणून होल्ट यांचे नाव तबकडीवर होते. परंतु किती लोक तबकडीवरची बारीक अक्षरे वाचतात? आजही हे गाणे जगभर ब्लॉन्डीचे म्हणूनच ओळखले जाते. नाव छापले जाणे आणि नाव लोकांच्या तोंडी होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मग 'रॅप्चर'. १९८१ च्या जानेवारीत हे गाणे निघाले आणि मार्चच्या अखेरीस अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. रॅप असलेले आणि बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेले हे पहिले गाणे. वाचकहो, क्षणभर थांबून याचा अर्थ लावा. ब्रॉन्क्सच्या जळक्या इमारतींतून आठ वर्षे काळ्या मुलांनी जी कला घडवली, ती शिखरावर गेली तेव्हा तिचा चेहरा गोरा आणि केस पिवळे होते. 'रॅपर्स डिलाइट' छत्तीसाव्या क्रमांकापर्यंत पोचून थांबले होते. हा काही गुणवत्तेचा निकाल नव्हता. रेडिओ कोणाच्या हातात, वितरण कोणाच्या हातात, दुकानात कोणाची तबकडी समोर ठेवायची हे ठरवणारे कोण, याचा तो निकाल होता.

परंतु येथेच आम्हाला दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दुसरी बाजू न मांडता निवाडा देणे हे आमच्या वैचारिक परंपरेत बसत नाही. 'रॅप्चर'मध्ये हॅरी यांनी फॅब फाइव्ह फ्रेडी आणि ग्रँडमास्टर फ्लॅश यांची नावे घेतली. तीही बारीक अक्षरांत नव्हे, तर गाण्यातच, मोठ्याने. ज्यांनी हे नाव कधी ऐकलेही नव्हते त्या कोट्यवधी गोऱ्या घरांत ते नाव गाण्यासोबत शिरले. त्या गाण्याच्या चित्रफितीत फ्रेडी आहेत, भिंतींवर चित्रे काढणारे ली किन्योनेस आहेत आणि फ्लॅश ठरल्या वेळी न आल्याने त्यांच्या जागी डीजे म्हणून उभे राहिलेले ज्याँ-मिशेल बास्किया हे तरुण चित्रकार आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमटीव्ही सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांत ही वाहिनी काळ्या कलावंतांना जवळपास जागाच देत नसे. तेथे रॅपची पहिली चित्रफीत दिसली ती हीच. काळे चेहरे आत आले, पण गोऱ्या बाईच्या पाठीमागून!

याहून मोठी गोष्ट १४ फेब्रुवारी १९८१ ची. अमेरिकेत 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा दूरचित्रवाणीवरील अत्यंत लोकप्रिय कार्यक्रम. त्या रात्रीच्या सूत्रसंचालक आणि गायिका डेबी हॅरी होत्या. त्यांनी आपल्यासोबत ब्रॉन्क्सच्या 'फंकी फोर प्लस वन' या गटाला आणले. राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर गायलेला हिप-हॉपचा हा पहिला गट मानला जातो. या नावातला 'प्लस वन' म्हणजे शा-रॉक ही तरुणी. स्त्री रॅपरांच्या इतिहासात तिचे नाव अगदी सुरुवातीला येते. येथे हॅरी यांनी रॅपविषयी भाषण दिले नाही, काळ्यांच्या वतीने त्या बोलल्या नाहीत. त्यांनी आपल्या वाट्याच्या वेळेतून वेळ काढून दिला आणि बाजूला सरकल्या. शोषितांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ भेटतात. माइक हातात देऊन बाजूला होणारे किती भेटतात? आमच्या वाचकांनी आपल्या अनुभवातून मोजून पाहावे.

तिसरी गोष्ट बास्किया यांची. हैतीहून आलेल्या बापाचा आणि पोर्टोरिकन वंशाच्या आईचा हा ब्रुकलिनचा मुलगा त्या काळी राहायला धड जागा नसलेला कलावंत होता. १९८०-८१ च्या सुमारास 'डाउनटाउन ८१' या चित्रपटाचे चित्रीकरण झाले. नायक बास्किया, आणि रस्त्यावरची भिकारीण बनून आलेल्या परीच्या छोट्या भूमिकेत हॅरी. त्यानंतर बास्किया यांचे पहिले चित्र विकले गेले. ते विकत घेतले हॅरी यांनी, २०० डॉलरला. १९८८ साली बास्किया वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेले. २०१७ च्या मे महिन्यात त्यांचे १९८२ सालचे एक चित्र लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरला गेले. हे चित्र वेगळे, हॅरींचे नव्हे. परंतु दोन आकड्यांमधली दरी पाहा. ज्याला कोणी विचारत नव्हते त्याला २०० डॉलर देणारी बाई चांगलीच म्हणायची. पण काळ्या चित्रकाराची किंमत त्याच्या मरणानंतर, इतरांच्या तिजोरीत का वाढते, हा प्रश्न एका बाईच्या चांगुलपणाने सुटत नाही.

आता खुद्द हॅरी यांच्यावर काय गुदरले तेही पाहू. कारण शोषणाची यंत्रणा गोऱ्या बाईलाही सोडत नाही. सहा जणांच्या बँडमध्ये छायाचित्र मात्र एकट्या त्यांचे छापले जाई. कंपनीने त्यांच्या देहाचा माल म्हणून वापर केला, त्यांच्याच एका गाण्याच्या नावाचा अश्लील अर्थ काढून जाहिराती केल्या आणि त्यावर त्यांनी संताप व्यक्त केला. ब्लॉन्डी हा गट आहे, एकटी बाई नव्हे, हे सांगणारे बिल्ले छापून वाटावे लागले. १९८२ साली बँड फुटला. ख्रिस स्टीन यांना त्वचेचा दुर्धर आजार झाला. उमेदीच्या वर्षांत हॅरी यांनी कामे बाजूला ठेवून त्यांची शुश्रूषा केली. त्याच काळात करखात्याची थकबाकी अंगावर आली आणि राहते घर हातचे गेले. कोट्यवधी तबकड्या विकणाऱ्या गायिकेची ही अवस्था! तबकडीचा पैसा गाणाऱ्याच्या हाती येईपर्यंत वाटेत किती हात लागतात, ते यावरून कळते.

अभिनयाकडे त्या वळल्या त्या या पार्श्वभूमीवर. १९८० च्या 'युनियन सिटी'त त्यांनी पिवळे केस लपवून एका कंटाळलेल्या गृहिणीची भूमिका केली. १९८३ साली डेव्हिड क्रोनेनबर्ग यांच्या 'व्हिडिओड्रोम'मध्ये त्या दिसल्या. त्याच वर्षी ब्रॉडवेवर कुस्तीच्या आखाड्यात घडणारे एक नाटक त्यांनी केले, ते उघडले त्याच दिवशी बंद पडले. लंडनमध्ये हीच भूमिका टोया विलकॉक्स या दुसऱ्या पंक गायिका-अभिनेत्रीने गाजवली होती. पुढे १९९५ च्या 'हेवी'मध्ये त्या एका आडगावच्या हॉटेलातील थकलेली वेट्रेस झाल्या. जे काम पोटासाठी केले होते तेच भूमिकेसाठी कामी आले. इझाबेल कोइशे या स्पॅनिश दिग्दर्शिकेच्या 'माय लाइफ विदाउट मी' (२००३) आणि 'एलेजी' (२००८) या चित्रपटांतही त्यांनी काम केले. नायिका म्हणून त्यांना कोणी डोक्यावर घेतले नाही, पण छोट्या भूमिकांतून त्यांनी नाव टिकवले.

परंतु आमच्या दृष्टीने त्यांची एकच भूमिका महत्त्वाची आहे. जॉन वॉटर्स यांचा 'हेअरस्प्रे' हा चित्रपट १९८८ साली आला. काळ १९६२ चा, शहर बाल्टिमोर. दूरचित्रवाणीवर मुलांच्या नाचाचा कार्यक्रम आहे, त्यात काळ्या मुलांना गोऱ्यांसोबत नाचायला बंदी आहे. ही कल्पना नव्हे. बाल्टिमोरमध्ये 'बडी डीन शो' नावाचा असा कार्यक्रम १९५७ पासून खरोखर चालत होता आणि काळ्या मुलांसाठी त्यात वेगळा दिवस राखून ठेवलेला असे. पाणवठा वेगळा, तसा नाचाचा दिवस वेगळा! १९६३ साली काळी-गोरी मुले एकत्र कार्यक्रमात घुसून नाचली. पुढे सगळ्यांना एकत्र नाचू देण्यापेक्षा वाहिनीने जानेवारी १९६४ मध्ये कार्यक्रमच बंद करून टाकला. तळे सर्वांना खुले करण्यापेक्षा ते बुजवलेले बरे, ही मनोवृत्ती आम्ही चांगलीच ओळखतो. चित्रपटात मात्र शेवटी सगळे एकत्र नाचतात. पडद्यावर समता जिंकली, वास्तवात वाहिनीने दार लावून घेतले.

या चित्रपटात हॅरी यांनी व्हेल्मा व्हॉन टसल या वर्णद्वेषी आईची भूमिका केली. आपल्या मुलीला स्पर्धेत जिंकवण्यासाठी ही बाई काहीही करायला तयार असते, अखेरीस डोक्यावरच्या उंच केसांच्या टोपात बॉम्ब लपवते. ज्या पिवळ्या केसांनी हॅरी यांना जगभर नाव दिले, तेच केस येथे वर्णाच्या उन्मादाचे हास्यास्पद चिन्ह झाले. आपल्याच समाजाचे असे थोबाड आपल्याच चेहऱ्यावर चढवून लोकांना हसवणे सोपे नसते. आमच्याकडील किती नामवंत अभिनेत्री जातीयवादी सासूची भूमिका तिला देवघरातली पुण्यवान न करता, आहे तशी करतील?

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. याच चित्रपटात आणखी एक गायिका आहे. काळ्या वस्तीत तबकड्यांचे दुकान चालवणारी मोटरमाउथ मेबेल. ही भूमिका केली रूथ ब्राऊन यांनी. हॅरी यांच्याविषयी लिहिणारे रूथ ब्राऊन यांच्याविषयी सहसा लिहीत नाहीत. आम्ही लिहिणार आहोत, कारण गोष्टीचा खरा अर्थ तेथे आहे.

रूथ ब्राऊन यांचा जन्म १९२८ चा, व्हर्जिनियातील पोर्ट्समथचा. पन्नासच्या दशकात त्यांची गाणी अमेरिकेतील काळ्या घराघरांत वाजत. अटलांटिक ही रेकॉर्ड कंपनी तेव्हा लहान होती. ती त्यांच्या गाण्यांवर इतकी वाढली की लोक तिला 'रूथने बांधलेले घर' म्हणत. घर रूथने बांधले, पण राहायला कोण गेले? रॉक संगीताची लाट आली, गोरे गायक पुढे आले आणि रूथ ब्राऊन विस्मरणात गेल्या. पोरे वाढवण्यासाठी त्यांनी लोकांकडे घरकाम केले, शाळेची बस चालवली. रेडिओवर आपले गाणे वाजत असताना दुसऱ्याच्या घरची फरशी पुसण्याची पाळी या गायिकेवर आली.

हे कसे घडले? त्यात जादू काही नाही, हिशेब आहे. करारानुसार गायिकेला तबकडीमागे थोडी रॉयल्टी मिळायची. पण स्टुडिओचा खर्च, वादकांचे पैसे, इतर खर्च, सगळे तिच्या खात्यावर नावे टाकले जात. ते फिटल्याशिवाय रॉयल्टी सुरू होत नसे. फिटले की नाही, हे सांगणारी वही कंपनीच्या ताब्यात. गाणे वर्षानुवर्षे विकले जाई आणि वहीत गायिका कर्जदारच राहत असे. सावकाराची वही ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पाहिली आहे, त्या आमच्या वाचकांना हे जास्त समजावून सांगायला नको.

कायदाही मदतीला नव्हता. लाव्हर्न बेकर या काळ्या गायिकेचे 'ट्वीडली डी' हे गाणे १९५५ साली जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेने जवळपास जसेच्या तसे गाऊन अधिक खपवले. गाणे लिहिणाऱ्याला कायद्याने काही मिळे, पण गाण्याची ढब घडवणाऱ्या गळ्याला काहीच नाही. बेकर यांनी आपल्या काळ्या खासदाराकडे कायदा बदलण्याची मागणी केली. कायदा बदलला नाही.

रूथ ब्राऊन मात्र गप्प बसल्या नाहीत. ऐंशीच्या दशकात हॉवेल बेगल या वकिलाला सोबत घेऊन त्यांनी कंपनीकडे हिशेब मागितला. जुनी कागदपत्रे काढली, वर्तमानपत्रांतून प्रकरण लावून धरले, आपल्यासारख्याच इतर जुन्या गायकांना बरोबर घेतले. १९८८ साली, म्हणजे 'हेअरस्प्रे' आला त्याच वर्षी, अटलांटिकने नमते घेतले. रूथ ब्राऊन यांच्यासह अनेक जुन्या कलावंतांची वहीतली कर्जे पुसली गेली आणि मागील वर्षांची रॉयल्टी देण्याचे ठरले. याच लढ्यातून 'ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन' ही संस्था उभी राहिली. म्हाताऱ्या, आजारी, विस्मृतीत गेलेल्या गायकांना मदत देणे हे तिचे काम. १९८९ साली रूथ ब्राऊन यांना रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. २००६ साली त्या गेल्या. स्वतःचा दाम मागता मागता त्यांनी शेजाऱ्याच्या दामाचीही सोय केली.

आता दोघींना शेजारी शेजारी उभे करा. डेबी हॅरी यांनी नाव घेतले, मंच दिला, २०० डॉलरला चित्र घेतले, १९८१ चा आपला पहिला स्वतंत्र अल्बम 'कूकू' नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांच्या हाती सोपवून त्यांना काम दिले. हे सगळे चांगले आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु हे सगळे एका व्यक्तीच्या स्वभावावर अवलंबून होते. स्वभाव चांगला निघाला म्हणून नाव घेतले गेले. वाईट निघाला असता तर? उलट रूथ ब्राऊन यांनी जे मिळवले ते कोणाच्या स्वभावावर टांगलेले नव्हते. ते कागदावर आले, खात्यावर आले, संस्थेत आले. उपकार हा देणाऱ्याबरोबर संपतो, हक्क हा मिळवणाऱ्याच्या मागेही उरतो.

स्वभावाचा भरवसा किती धरावा, याचे उदाहरण खुद्द ब्लॉन्डीच्याच इतिहासात आहे. १९९७ साली बँड पुन्हा एकत्र आला आणि १९९९ साली 'मारिया' हे गाणे इंग्लंडमध्ये पहिले आले. मात्र फ्रँक इन्फँटे आणि नायजेल हॅरिसन या जुन्या साथीदारांना परत घेतले नाही. ते कोर्टात गेले आणि हरले. मार्च २००६ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये ब्लॉन्डीचा सन्मान झाला, तेव्हा इन्फँटे यांनी मंचावरूनच, आम्हालाही सोबत वाजवू द्या, अशी विनंती केली. हॅरी यांनी नकार दिला. ब्लॉन्डी हा गट आहे असे ज्यांचे बिल्ले सांगत होते, त्यांच्याच मंचावर गटातील माणसाला जागा मिळाली नाही. त्यांच्या आपसांतील भांडणात कोण बरोबर, यात आम्हाला शिरायचे नाही. मुद्दा एवढाच की, दुसऱ्याला श्रेय देणारी माणसेसुद्धा जवळच्याचे श्रेय देताना अडखळतात.

आणि त्या सन्मानाचा क्रमही पाहा. ब्लॉन्डी २००६ साली. ज्यांचे नाव 'रॅप्चर'मध्ये घेतले गेले ते ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्ह २००७ साली, हा मान मिळालेला हिप-हॉपचा पहिलाच गट. आणि ज्याच्या पार्टीतून हे सगळे सुरू झाले तो कूल हर्क २०२३ साली, बरोबर पन्नास वर्षांनी. पाहुणा आधी जेवला, यजमान नंतर आणि ज्याने चूल पेटवली तो सर्वांत शेवटी! हा क्रम हॅरी यांनी ठरवला नाही. तो व्यवस्थेने ठरवला. म्हणूनच चांगली माणसे शोधत बसण्यापेक्षा व्यवस्थेला हिशेब विचारणे अधिक गरजेचे असते.

१ जुलै २०२५ रोजी डेबी हॅरी यांनी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली. त्यांच्या गुणाला, धाडसाला आणि नाव घेण्याच्या प्रामाणिकपणाला आमचा सलाम आहे. उच्चवर्णीय कलावंतांनी त्यांच्याकडून एवढे जरी शिकावे, की ज्याची चाल घेतली त्याचे नाव भर मंचावर घ्यावे आणि जमल्यास त्यालाच मंचावर बोलवावे, तरी पुष्कळ होईल. परंतु आमच्या गायकांनी, शाहिरांनी, कवींनी, जलसाकारांनी धडा घ्यायचा तो रूथ ब्राऊन यांच्याकडून. करार वाचल्याशिवाय सही करू नये. गाण्याचा कागद स्वतःजवळ ठेवावा. हिशेब मागायला लाजू नये. आणि तो एकट्याने मागू नये, दहा जणांनी मिळून मागावा. आणि आम्ही वाचकांनी, कार्यकर्त्यांनी काय करावे? आपल्या वस्तीतील कार्यक्रमात गाणे सुरू होण्याआधी ते लिहिणाऱ्याचे आणि चाल बांधणाऱ्याचे नाव पुकारावे, आणि कार्यक्रम संपल्यावर गाणाऱ्याच्या हातात हार-नारळासोबत ठरलेले मानधनही ठेवावे. दुसऱ्याकडून दाम मागण्याचा अधिकार आपण आपल्या माणसाचा दाम चुकता केल्यावरच पक्का होतो.